अण्णा अजून पहिल्या वर्षाला आहेत

अण्णांचं वय 69. शिक्षण चालू. हे मी म्हणत नाही. बँकेच्या केवायसी फॉर्मवर 'शैक्षणिक पात्रता' या रकान्यात अण्णांनी स्वतःच्या टपोऱ्या अक्षरात तसं लिहून दिलं आहे. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काका, एमां डिग्री लखवानी." अण्णा म्हणाले, "बेन, डिग्री मळे त्यारे आवीने लखी जईश." मुलीने पुढे काही विचारलं नाही. मागे रांग होती.

अण्णा सयाजीगंजात राहतात. बडोद्यातलं मराठी माणूस जुन्या हिशेबाने दांडिया बाजारात, रावपुऱ्यात नाहीतर वाडीत सापडायचं. अण्णांचं घरही दांडिया बाजारातच होतं. निवृत्त झाल्यावर लोक मोकळ्या हवेसाठी शहराबाहेर सरकतात. अण्णा उलटे निघाले आणि स्टेशनजवळच्या हॉटेलांच्या, ट्रॅव्हल्सवाल्यांच्या आणि झेरॉक्सच्या दुकानांच्या गर्दीत दोन खोल्यांचा फ्लॅट घेऊन बसले. कारण एकच, तिथून आर्ट्स फॅकल्टीचा घुमट दिसतो. आता खरं सांगायचं तर घुमट सबंध दिसत नाही. समोरच्या हॉटेलच्या पाण्याच्या टाकीमागून त्याचा साधारण चतकोर डोकावतो. अण्णांना तेवढा पुरतो. चिझम नावाच्या इंग्रज वास्तुकाराने विजापूरच्या गोल घुमटावरून तो बेतला, इथे आधी बडोदा कॉलेज होतं, 1949 साली त्याचंच महाराजा सयाजीराव विद्यापीठ झालं, हे सगळं ते घरी आलेल्या प्रत्येकाला खिडकीतून बोट दाखवून सांगतात. पाहुणा बराच वेळ त्या टाकीकडेच आदराने बघत राहतो.

अण्णांची नोकरी रेल्वेत झाली, गुड्स क्लार्क म्हणून. पण त्याआधी काही महिने ते विद्यार्थी होते आणि त्यांच्या मते तीच त्यांची मूळ नेमणूक. 1973 च्या जूनमध्ये त्यांनी कॉमर्सला नाव घातलं. डिसेंबरात अहमदाबादच्या इंजिनिअरिंग कॉलेजात मेसचं बिल वाढलं, मुलं भडकली, आणि बघता बघता नवनिर्माण आंदोलन गुजरातभर पेटलं. कॉलेजं बंद पडली. फेब्रुवारी 1974 मध्ये मुख्यमंत्री चिमणभाई पटेलांना राजीनामा द्यावा लागला. "मेसच्या बिलावरून सरकार गेलं, आणि सरकारबरोबर माझं पहिलं वर्ष गेलं," अण्णा सांगतात. "लोक म्हणतात अण्णाने कॉलेज सोडलं. मी नाही सोडलं. कॉलेज बंद होतं. ते पुन्हा उघडून रुळावर येईपर्यंत माझे वडील गेले आणि मी गुड्स शेडमध्ये उभा होतो."

तिथे ते 2016 पर्यंत उभे राहिले. दुसऱ्यांचा माल मोजला, पावत्या फाडल्या. त्या नोकरीतून त्यांनी एकच तत्त्वज्ञान बरोबर आणलं आहे आणि ते दर दोन दिवसांनी ऐकवतात. वॅगन वेळेत रिकामी केली नाही तर डेमरेज लागतं. उतरवलेला माल आवारात पडून राहिला तर व्हारफेज लागतं. "रिटायर माणसाच्या डोक्याला दोन्ही लागतं," असं म्हणून ते चष्मा पुसतात. ऐकणारा जर स्वतः निवृत्त असेल तर तो विषय बदलतो.

निवृत्तीनंतरच्या पहिल्याच जूनमध्ये अण्णा प्रवेशाच्या खिडकीवर गेले. कुठल्या संस्थेच्या कुठल्या खिडकीवर, ते मी सांगणार नाही. खिडक्या सगळीकडे सारख्याच उंचीच्या असतात. आतल्या गृहस्थांनी मान वर न करता विचारलं, "दीकरा माटे के पौत्र माटे?" अण्णा म्हणाले, "मारा माटे." मग मान वर झाली. कागदपत्रं पाहिली गेली. 1973 चा दाखला, त्याच्या घड्या पडलेल्या जागी आतून सेलोटेप लावलेली, सेलोटेप पिवळी झालेली. गृहस्थ म्हणाले, मध्ये खंड दिसतो, गॅपचं अ‍ॅफिडेव्हिट आणा.

कोठी कचेरीबाहेर जे टायपिस्ट बसतात त्यांच्याकडे गॅप अ‍ॅफिडेव्हिटचा मसुदा तयार असतो. फक्त नाव आणि वर्ष बदलायचं. सहसा तो एका वर्षाचा असतो. कुणी बारावीनंतर आजारी पडलेलं असतं, कुणी नीटच्या तयारीला बसलेलं असतं. टायपिस्टने विचारलं, गॅप कधीपासून? अण्णा म्हणाले, 1974. त्याने 2014 टाइप केलं. अण्णांनी दुरुस्त केलं. त्याने अण्णांकडे पाहिलं, मग स्क्रीनकडे पाहिलं, आणि खंडाचं कारण विचारलं.

"लिहा," अण्णा म्हणाले, "वडिलांचं निधन, नोकरी, धाकट्या बहिणीचं लग्न, स्वतःचं लग्न, दोन मुलं, आईचं आजारपण, घराचं कर्ज, मुलांची शिक्षणं, मुलांची लग्नं."

"काका, एक ज लाइन छे."

"मग लिहा, वेळ मिळाला नाही."

एवढ्यावर भागलं असतं. पण मसुद्यात पुढचं वाक्य होतं की, उक्त काळात मी अन्य कोणत्याही संस्थेत दाखल नव्हतो. अण्णा अडले. 42 वर्षं आपण भारतीय रेल्वेत होतो आणि रेल्वे ही संस्था नव्हे असं शपथेवर कसं लिहून द्यायचं? टायपिस्टच्या मते तिथे संस्था म्हणजे शैक्षणिक संस्था. अण्णांच्या मते मग रेल्वे हीच त्यांची शैक्षणिक संस्था. मागे पाच माणसं भाडेकराराचे कागद घेऊन ताटकळत होती. शेवटी नोटरीसाहेब स्वतः उठून आले आणि म्हणाले, काका, सही करा, देव समजून घेईल.

पुढची अडचण पालकाच्या सहीची. फॉर्मवर तो रकाना होता आणि रकाना कोरा ठेवणं अण्णांच्या रक्तात नाही. त्यांनी तिथे काकूंची सही घेतली. नातं: पत्नी. पालकाचा व्यवसाय: घरकाम. पालकाचं वार्षिक उत्पन्न: शून्य. हा फॉर्म पाहून कुणीतरी त्यांना आर्थिक दुर्बल गटातून फी माफीसाठी अर्ज करण्याचा सल्ला दिला म्हणतात. ते मात्र काकूंनी होऊ दिलं नाही. त्या दिवसापासून काकू पालकाच्या नात्याने बोलतात. "अभ्यास झाला का? मग आधी गिरणीत जाऊन या."

पहिला कोर्स जर्मनचा, एका वर्षाच्या सर्टिफिकेटचा. ज्यांना बडोद्यातला जर्मनचा वर्ग माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, हा वर्ग म्हणजे जवळजवळ विमानतळाचं प्रतीक्षालय असतं. निम्मी मुलं इंजिनिअर, सगळ्यांना तिकडे एमएस करायचं, आणि भाषा यावी यापेक्षा भाषा आल्याचा कागद यावा अशी घाई. त्या वर्गात जर्मनीला न जाणारे अण्णा एकटेच. पहिल्या दिवशी ते वर्गात शिरले तेव्हा सगळी मुलं उभी राहिली. त्यांना वाटलं सर आले. थोड्या वेळाने खऱ्या बाई आल्या तेव्हा कुणीच उठलं नाही. प्रत्येकाने जर्मनमध्ये स्वतःची ओळख करून द्यायची होती. मी विद्यार्थी आहे, मी विद्यार्थिनी आहे, असं करत पाळी अण्णांवर आली. अण्णा उभे राहिले, शर्टाची बाही नीट केली आणि "इख बिन श्टुडेंट" म्हणाले. हे वाक्य त्यांनी इतकं मनापासून म्हटलं की बाईंनी दुरुस्तीसाठी उघडलेलं तोंड मिटलं.

वर्षभर एक तास चुकला नाही. मुलं फळ्याचे फोटो काढायची. अण्णा लिहून घ्यायचे, घरी येऊन पक्क्या वहीत उतरवायचे, लिंगं तीन रंगांत. परीक्षेच्या आठवड्यात ती वही सयाजीगंजातल्या एका झेरॉक्सवाल्याकडे गेली आणि तिथेच राहिली. आजही "अण्णा नोट्स" म्हणून स्पायरल बांधून मिळते. अण्णांना तिच्यातून काही मिळत नाही, फक्त झेरॉक्सवाला त्यांच्याकडून आधारच्या कॉपीचे पैसे घेत नाही.

परीक्षेत अण्णा उत्तम मार्कांनी पास झाले आणि तिथेच घात झाला. पास झाल्यावर कळलं की आता ओळखपत्र परत करायचं, ग्रंथालयाचं कार्ड जमा करायचं, नो ड्यूजवर सह्या घ्यायच्या. हंसा मेहता लायब्ररीत ज्या खुर्चीवर वर्षभर बसले, पंख्याखालची, खिडकीजवळची, तिच्यावरचा हक्क संपला. जून महिन्यात ज्या खिडकीतून फॉर्म मिळाला होता त्याच खिडकीत मे महिन्यात कार्ड परत दिलं. अण्णा पंधरा दिवस कुणाशी बोलले नाहीत. मग त्यांना सिद्धांत सापडला.

"बघा," ते मला म्हणाले, "नापास माणसाला विद्यापीठ कधी बाहेर काढत नाही. पुन्हा ये म्हणतं, एटीकेटी देतं, संधी देतं. बाहेर काढतं ते पास झालेल्याला. मग पास होणं परवडणार कसं?"

तेव्हापासून अण्णा शेवटच्या पेपरला बसत नाहीत. फ्रेंचचा एक पेपर राहिला आहे. रशियनचा एक राहिला आहे. त्यानंतर ते संगीत कॉलेजात तबल्याला गेले. मौलाबक्षांनी 1886 मध्ये सुरू केलेल्या गायनशाळेचा वारसा सांगणारी ही संस्था सुरसागर तलावाजवळ आहे आणि तिच्याबद्दल आमच्या बिल्डिंगला आदर आहे. अण्णांच्या रियाजाबद्दल तो नव्हता. तबल्याचा पेपर राहिला तेव्हा खालच्या मजल्यावरच्या शहांनी पेढे वाटले. अण्णांच्या बैठकीच्या भिंतीवर आज एकही सर्टिफिकेट नाही. जर्मनचं आहे, ते कपाटात, साड्यांच्या खाली. भिंतीवर ओळखपत्रं टांगलेली आहेत, त्यांच्या पट्ट्यांसकट, एका ओळीत. प्रत्येकावर अण्णांचा फोटो, प्रत्येकात केस थोडे कमी, आणि प्रत्येकावर वर्ष: पहिलं.

मला हा सिद्धांत पटत नाही. परीक्षा म्हणजे नुसतं हाकलणं नव्हे. आपल्याला काय आलं आणि काय आल्यासारखं वाटलं, यातला फरक तिथेच कळतो. दुसरं, एखाद्या मुलाची जागा अडते ती वेगळीच. हे मी त्यांना तोंडावर बोललो आहे. पहिल्या मुद्द्यावर ते गप्प बसले. दुसऱ्यावर म्हणाले, "मी पहिल्या बाकावर बसतो. तो कुणाला हवा असतो?"

उतारवयात शिकायची ही हौस बडोद्यापुरती नाही. पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून तिथला प्रौढ विद्यार्थी व्याख्यान ऐकतो आणि शेवटी उठून प्रश्न विचारतो. प्रश्न सात मिनिटांचा असतो आणि त्याच्या अखेरीस प्रश्नचिन्ह नसतं. बडोदेकर प्रश्न विचारत नाही, फॉर्म भरतो. गायकवाडी दप्तराची सवय असावी.

अण्णांनी वाचलं की 1973 मध्ये, म्हणजे नेमकं त्यांनी कॉमर्सला नाव घातलं त्या वर्षी, फ्रान्समध्ये टूलूझ इथे 'तिसऱ्या वयाचं विद्यापीठ' निघालं. निवृत्तांसाठी विद्यापीठाचे दरवाजे उघडे. 1982 मध्ये ब्रिटनमध्ये ती कल्पना केंब्रिजला पोचली आणि तिथल्या म्हाताऱ्यांनी तिच्यातून प्राध्यापकही काढून टाकले. सभासदांनीच सभासदांना शिकवायचं, परीक्षा नाही, पदवी नाही. अण्णा दोन रात्री झोपले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी कमाटीबागेत, फिरायला येणाऱ्या मंडळींच्या बाकावर त्यांनी 'सयाजीगंज तृतीय वय विद्यापीठ' स्थापन केलं. रिफायनरीतून निवृत्त झालेले एक, खत कारखान्यातले एक, औषध कंपनीतले एक, बँकेतले दोन आणि अण्णा. वेळापत्रक ठरलं. सोमवारी पेट्रोलियम, मंगळवारी युरिया, बुधवारी औषधांचे परिणाम आणि दुष्परिणाम, गुरुवार-शुक्रवार व्याजाचे दर, शनिवारी मालवाहतूक.

आठवड्यात विद्यापीठ बंद पडलं. सगळ्यांना शिकवायचं होतं, शिकायचं कुणालाच नव्हतं. युरियावाले बोलत असताना बँकवाले आपल्या पाळीची वाट बघत होते, आणि बँकवाल्यांच्या तासाला औषधवाले बागेतल्या खेळण्यातल्या रेल्वेकडे पाहत होते. अण्णांची शनिवारची पाळी आलीच नाही. शुक्रवारी सगळे सेव-उसळ खायला गेले आणि तिथेच, दुसऱ्या प्लेटच्या सुमारास, विद्यापीठाचं विसर्जन झालं. अण्णा अजून म्हणतात, त्या सहा जणांत विद्यार्थी मी एकटाच होतो, म्हणून ते चाललं नाही.

मुलगा टोरांटोला असतो. तो फोनवर म्हणतो, बाबा, घरी बसून शिका, सगळं ऑनलाइन आहे. अण्णांनी तेही केलं. सरकारचं 'स्वयम्' 2017 मध्ये निघालं. त्यावर पुरातत्त्वाचा एक कोर्स त्यांनी लावला. प्राध्यापक चांगले होते. पण व्हिडिओतले सर मध्येच थांबून "काय अण्णा, समजलं का?" विचारत नाहीत, आणि तास संपल्यावर चहाला कुणी नसतं. काकूंनी चहा केला, पण काकूंना मोहेंजोदडोत रस नाही. नव्या शैक्षणिक धोरणातल्या श्रेयांकांच्या बँकेबद्दल कळलं तेव्हा मात्र अण्णा खुलले. शिकलेलं तिथे जमा होतं, मध्ये खंड पडला तरी चालतो, परत येऊन पुढचं शिकता येतं. म्हणजे त्या कोठीबाहेरच्या टायपिस्टची गरजच संपली. अण्णांनी पासबुक कुठे भरून मिळतं याची चौकशी केली. नंतर कुणीतरी त्यांना समजावलं की या धोरणात प्रवेशाच्या अनेक वाटा आहेत आणि बाहेर पडण्याच्याही अनेक वाटा आहेत. अण्णांचा चेहरा पडला. "आत यायच्या जास्त केल्यात ते बरं केलं," म्हणाले, "बाहेर जायच्या कशाला वाढवल्या?"

त्यांना कुणी वयावरून टोकलं की ते काळ्या घोड्याकडे बोट दाखवतात. घोड्यावर सयाजीराव आहेत. कवळाण्याचा शेतकऱ्याच्या घरचा पोर, 1863 चा जन्म, 1875 मध्ये दत्तक येऊन बडोद्याच्या गादीवर बसला, तेव्हा त्याला अक्षरओळख नव्हती. बाराव्या वर्षी श्रीगणेशा. म्हणजे ज्याच्या नावाचं हे विद्यापीठ, तोही वर्गात उशिराच आलेला. अण्णांचं म्हणणं असं की, उशिरा शिकलेल्या माणसालाच उशिरा शिकणाऱ्यांची आठवण राहते. आणि इथे मी त्यांच्या बाजूचा आहे. 1893 मध्ये अमरेलीत सक्तीचं प्राथमिक शिक्षण सुरू करून 1906 मध्ये ते सगळ्या संस्थानात नेणारा हा राजा शाळेपाशी थांबला नाही. शाळेचं वय उलटून गेलेल्यांचं काय, हा त्याचा पुढचा प्रश्न होता. 1910 साली त्याने अमेरिकेतून बॉर्डन नावाचा ग्रंथपाल आणला, मध्यवर्ती ग्रंथालय उभं केलं आणि गावोगाव पुस्तकांच्या लाकडी पेट्या धाडल्या. ज्यांना वाचताच येत नव्हतं त्यांच्यासाठी चित्रं दाखवण्याचा वेगळा विभाग काढला. त्या मध्यवर्ती ग्रंथालयात वरच्या मजल्यांची जमीन काचेची आहे, खालपर्यंत उजेड यावा म्हणून. लहानपणी वडिलांबरोबर गेल्यावर अण्णा मान वर करून काचेवरून चालणाऱ्यांच्या चपलांचे तळवे बघत उभे राहायचे. पुस्तकं बघायला हवी होती हे त्यांना नंतर कळलं.

आता अण्णांच्या त्या व्यवसायाबद्दल, जो कुठल्याच फॉर्मवर त्यांनी लिहिलेला नाही. इतके फॉर्म भरल्यावर माणूस फॉर्मात तरबेज होतो. इग्नू 1985 ची, नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ 1989 चं, अहमदाबादची डॉ. बाबासाहेब आंबेडकर ओपन युनिव्हर्सिटी 1994 ची, कुठे काय चालतं, कुणाला बारावी लागते, कुणाचं माध्यम काय, हे अण्णांना रेल्वेच्या टाइमटेबलसारखं पाठ आहे. ही बातमी आधी बिल्डिंगच्या वॉचमनला लागली. मग समोरच्या हॉटेलात रात्रपाळीला रिसेप्शनवर बसणाऱ्या मुलाला. मग डबे करणाऱ्या एका ताईंना.

ताई फतेपुऱ्यातल्या. नववीत लग्न झालं, त्याला 28 वर्षं झाली. स्टेशनजवळच्या पीजीत राहणाऱ्या मुलामुलींना त्या डबे पोचवतात. वसतिगृहातल्या मुलींच्या गाद्यांवर उघडी पडलेली पुस्तकं त्या रोज बघायच्या. एकदा अण्णांना म्हणाल्या, "अण्णा, माझं दहावीचं काही होईल का हो?" अण्णांनी चष्मा काढला, पुसला, लावला आणि म्हणाले, "कागद आणा."

कागद आले. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, आणि रेशनकार्डावर तिसरंच, दोन्ही घरी कुणाचं नाही असं. जन्मतारखा दोन. अण्णांनी त्यांना कोठीबाहेर नेलं. टायपिस्टने अण्णांना ओळखलं आणि खुर्ची पुढे केली. नावाचं अ‍ॅफिडेव्हिट झालं. मग ऑनलाइन अर्ज. अर्जात मोबाइल नंबर, त्यावर ओटीपी. ताईंच्या आधारला जोडलेला फोन नवऱ्याचा, आणि नवरा मकरपुऱ्याच्या कारखान्यात पाळीवर, जिथे फोन गेटवर जमा करावा लागतो. ओटीपी दहा मिनिटांत मरतो. सलग तीन संध्याकाळी ओटीपी असा गेटवरच्या पेटीत वारला. चौथ्या दिवशी अण्णा स्वतः रिक्षाने मकरपुऱ्याला गेले, गेटवर वॉचमनशेजारी बसले, झेरॉक्सवाल्याला फोन लावून ठेवला आणि आलेला ओटीपी आकडा आकडा करून मोठ्याने वाचून दाखवला. कारखान्याच्या वॉचमनला वाटलं काहीतरी फसवणुकीचं चाललं आहे. त्याने अण्णांचा फोटो काढून ठेवला.

शिक्षणाचे दरवाजे रुंद करण्यावर परिसंवाद होतात, मी ऐकले आहेत. त्यात ओटीपीचा उल्लेख मी एकदाही ऐकलेला नाही. माझं मत असं की, शिकायची इच्छा असलेली माणसं या शहरात कमी नाहीत. त्यांच्याबरोबर खिडकीपर्यंत जाणारी माणसं कमी आहेत.

ताईंनी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून दहावी केली, मग बारावी केली. डबे चालूच होते. आता त्या आंबेडकर ओपनमध्ये बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहेत, म्हणजे अण्णांच्या एक वर्ष पुढे. अण्णांना याचा अभिमान आहे आणि थोडी रुखरुखही. त्यांनी ताईंना, शेवटचा पेपर ठेवून द्या, असा अनुभवाचा सल्ला दिला होता. ताई म्हणाल्या, "अण्णा, तुम्हाला परवडतं. मला पास व्हायचंय." अण्णा यावर काही बोलले नाहीत. त्या रात्री त्यांनी फ्रेंचची वही काढली, असं काकू सांगतात. काकूंच्या सांगण्यात थोडी पदरची भर असते.

रात्रपाळीचा मुलगा मात्र फॉर्मवर सही करायला तयार नव्हता. आमच्यातलं कुणी शिकलेलं नाही, म्हणाला. अण्णा त्याला कमाटीबागेत घेऊन गेले, संकल्पभूमीपाशी. 1913 मध्ये याच संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर, महिना साडेअकरा पौंडांवर, भीमराव आंबेडकर कोलंबियाला शिकायला गेले. 1917 मध्ये नोकरीसाठी बडोद्यात परतले तर शहरात राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेतून सामानासह बाहेर काढलं गेलं तेव्हा ते या बागेत येऊन बसले. हे सांगताना अण्णा विनोद करत नाहीत, चष्माही पुसत नाहीत. शिकायला पैसे देणं आणि शिकलेल्याला जागा देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढंच ते म्हणाले. मुलाने सही केली. कॉमर्सला नाव घातलं आहे. अण्णांनी त्याला एकच अट घातली, मेसच्या बिलावरून भांडायचं नाही.

काकूंनी यंदा फर्मान काढलं आहे की, राहिलेल्या पेपरांपैकी निदान एक द्यायचा, नाहीतर पालकाची सही मिळणार नाही. अण्णांनी मध्यम मार्ग काढला. फ्रेंचचा पेपर देणार, आणि निकाल लागायच्या आत संस्कृतला नाव घालणार, म्हणजे ओळखपत्रात खंड पडणार नाही.

तुमचं कुणाचं काही अर्धवट राहिलं असेल, कुठल्याही वर्षी, कुठल्याही कारणाने, तर जून-जुलैत संध्याकाळी साडेपाचनंतर अण्णा सयाजीगंजातल्या त्या झेरॉक्सवाल्याकडे स्टुलावर बसलेले असतात. पैसे घेत नाहीत. येताना शाळेचा दाखला, आधार आणि ओटीपी येतो तो फोन घेऊन या. पासपोर्ट फोटो चार आणा. तीन चालत नाहीत, अण्णा परत पाठवतात.